पेवातला दिवा

ज्वारी वाळली की नाही हे दाढेला विचारावं लागतं. हाताला ती खोटं सांगते. चैताच्या उन्हात तापलेला दाणा हाताला खडखडीत लागतो, पण आत ओल धरून बसलेला असतो. दाढेखाली दाबला की वाळलेला दाणा कट्‌ वाजतो आणि त्याचे दोन तुकडे होतात. ओला दाणा वाजत नाही, नुसता चेपतो. हे मला माझ्या आत्यानं शिकवलं. आता माझ्या तोंडात एकमेकींना भेटणाऱ्या दाढा दोनच राहिल्या आहेत, डाव्या अंगाच्या. त्या दोन दाढांच्या भरवशावर मी म्हातारपणी पेव भरलं. त्या पेवानं मला जे दाखवलं ते कुठंतरी राहावं म्हणून ही वही घेतली. शाळा माझी तिसरीपर्यंत. अक्षर वाकडं येतं, पण लागतं.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली कोठी. वरून तोंड एवढंसं, एक माणूस अंग चोरून उतरेल इतकं, आणि खाली रांजणासारखं फुगलेलं पोट. आमचं पेव गोठ्याच्या मागं आहे, दीड परस, म्हणजे दीड माणूस खोल, तीस पोती ज्वारी बसते. ते माझ्या आज्याच्या बापानं खांदलं असं सांगतात. आमच्या पलीकडं कयाधू नदीच्या अंगाला काळी जमीन आहे, तिच्यात पेव टिकत नाही, ती पाणी धरते. गाव बसलं आहे ती पांढरी. पेव पांढरीतच.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, माहेरी आली, आणि मरेपर्यंत आमच्याच घरात राहिली. बुटकी बाई, नाकात चमकी नाही, कपाळ मोकळं, पण चालली की पाटलाला बाजूला व्हावं लागायचं. पेव तिचं. खांदणं, उतरणं पुरुषांचं, पण कधी भरायचं, किती भरायचं, कधी उघडायचं हे तिच्या तोंडून निघायचं.

वडील गेले त्या साली माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. आपण आता घरातले कर्ते, असं माझ्या डोक्यात भरलं होतं. सुगी झाली तशी आत्या म्हणाली, "चल, पेवाचं बघू."

मी म्हणालो, "मला येतंय की."

"काय येतंय ते सांग."

"खड्डा झाडायचा, ज्वारी वतायची, वर शिळा ठिवायची."

आत्या माझ्या बायकोकडं वळून म्हणाली, "मढं पुरायलाबी ह्याच्यापेक्षा जादा अक्कल लागती, सूनबाई."

त्या दिवसापासून तिनं मला धरलं. आधी तिनं पेवात कापूस सोडला. पेव रिकामं करून, झाडून, तळाला मूठभर सरकी काढलेला कापूस ठेवायचा, त्यावर मडकं पालथं घालायचं आणि वरून शिळा लावायची. दुसऱ्या दिवशी कापूस काढून गालाला लावायचा. हाताला नाही, गालाला. गार लागला तर जमीन अजून ओल सोडून राहिली आहे. आम्ही पाच दिवस कापूस लावला. पाचही दिवस गार. मी कंटाळलो. आत्या नाही कंटाळली.

मग जाळ. तळाला तुराट्या आणि गोवऱ्या रचून पेटवायच्या, भिंती भाजून घ्यायच्या. दोन दिवस पेव धुमसत होतं. विझल्यावर तिनं मला आत उतरवलं आणि म्हणाली, "भिंतीला टिचकी मार." मी मारली. भाजलेल्या मडक्यासारखा आवाज आला. मातीची भिंत, पण टण्‌ वाजली. मी आतून वर बघितलं तर त्या तोंडाच्या गोल आभाळात आत्याचं डोकं होतं. ती म्हणाली, "आता ती जमीन न्हाई राहिली. आता ते भांडं झालं."

मग शेणामातीनं लिंपण, ते सुकल्यावर तळाला आणि भिंतीला वीतभर गव्हाचं काड, आणि मग ज्वारी. एकेका पोत्यातून दाणा काढून ती दाढेखाली वाजवून बघायची. तीन पोती तिनं परत उन्हात घालायला लावली. मी म्हणालो, "आत्या, एवढ्यातेवढ्यानं काय व्हतंय?" ती म्हणाली, "एवढ्यातेवढ्यानंच व्हतंय." पेव तिनं गळ्यापर्यंत भरायला लावलं, वर काड, मग शिळा, मग चिखल, मग मातीचा उंचवटा, पाणी चारी बाजूंनी वाहून जाईल असा.

दोन पावसाळे झाल्यावर ते उघडलं. शिळा बाजूला झाली तशी मी दोर कमरेला बांधायला लागलो. आत्यानं थांबवलं. तिनं पणती पेटवली, शिंक्यात ठेवली आणि शिंकं दोरीनं खाली सोडलं. ऐन दुपार होती. हातभर खाली गेली आणि पणती विझली. वारा नव्हता, तेल भरलेलं होतं. तिनं वर ओढून परत पेटवली, परत सोडली, परत विझली.

"उद्या," ती म्हणाली.

"काहून?"

"पेव भुकेलं असतंय. दोन वर्सं कोंडलेलं. आदी दिवा खातंय. दिवे खाऊन पोट भरलं की मंग माणसाला आत घेतंय."

मी मनात हसलो. बायामाणसांचं देवाधर्माचं असेल, भुईला दिवा दाखवायचा असेल, असं समजलो. तिसऱ्या दिवशी दिवा जळत राहिला तेव्हा तिनं मला उतरू दिलं. मी ते एवढंच ध्यानात ठेवलं, की उतरायच्या आधी आत दिवा दाखवतात. जेवायच्या आधी पाणी फिरवतात तसं.

पुढं पेवं गेली. रेशनचा गहू आला, पत्र्याच्या कोठ्या आल्या, मग प्लास्टिकचे ड्रम आले. गावात पंधरावीस पेवं होती ती लोकांनी बुजवली. एकावर आता सिमेंटचा रस्ता आहे. आमचं मी बुजू दिलं नाही. आत्या गेली तरी शिळा तशीच ठेवली. काहून, ते मलाही सांगता आलं नसतं. शेतात हळद आणि सोयाबीन आलं. ज्वारी घरापुरती.

भांडण झालं ते ड्रमावरून. ज्वारीला सोंडे लागले म्हणून माझ्या पोरानं हिंगोलीहून गोळ्या आणल्या आणि ड्रमात टाकल्या. झाकण काढलं की लसणासारखा वास यायचा. मी म्हणालो, "ही ज्वारी म्या खाणार न्हाई."

पोरगं म्हणालं, "बाबा, सगळा गाव खाऊन राहिलाय."

"गावाला खाऊ दे. म्या किड्याचं औषिद खायला किडा न्हाई."

"मंग करायचं काय? सोंडे खायचे?"

"पेव भरायचं."

पोरगं चांगलं आहे, बारावी शिकलेलं, कधी उलटून बोलत नाही. तेवढ्यापुरतं बोललं. "जमिनीत पुरलेली ज्वारी कुजंल बाबा. लोक हसतील."

"हसू दे. त्येंचे दात तरी दिसतील."

इथंवर घरातलं घरात होतं. पण माझी जीभ मला आवरत नाही. नरसीच्या रस्त्याला चहाचं हॉटेल आहे, तिथं चार माणसांत मी बोलून बसलो, की बारा पोती पेवात टाकतोय, दोन पावसाळे शिळा हलवणार नाही, आणि उघडीन त्या दिवशी सगळ्यांना त्याच ज्वारीची भाकर घालीन. बारा पोती म्हणजे त्या सालची खाण्यापुरती बाजूला काढून उरलेली आमच्या घरची सगळी ज्वारी. ती गेली तर दाणा विकत आणायची पाळी, आणि मला त्या हॉटेलापुढून डोकं खाली घालून जायची पाळी. दुसरी जास्त जड होती, खरं सांगतो.

भरताना माझं मलाच नवल वाटलं. पन्नास वर्षं ज्याला हात लावला नव्हता ते हातांनी आपोआप केलं. कापूस गालाला लावताना डोळे मिटले तर आत्याच्या हाताचा वास आला. भिंत टण्‌ वाजली. दाढेवर मी बारा पोती वाजवून घेतली, त्यात दोन दिवस गेले आणि जबडा सुजला. चुकलं एवढंच, की तीस पोत्यांच्या पेवात बारा पोती गेली. अर्ध्याहून जास्त पोट रिकामं राहिलं. आत्यानं कधी तसं ठेवलं नसतं. मी म्हणालो, एवढ्यातेवढ्यानं काय होतंय.

पहिला पावसाळा सरळ गेला. दुसऱ्या सालचा पाऊस असा पडला की कयाधूचं पाणी मळ्यात शिरलं आणि सोयाबीनला उभ्या शेंगेत मोड आले. गोठ्यामागचा ओढा फुगला, आमच्या गल्लीत तीन दिवस घोट्याइतकं पाणी. हॉटेलात एक जण म्हणाला, "काका, भाकरीचं ऱ्हाऊ द्या. आता आंबीलच पाजा आमाला." मीही हसलो. घरी येऊन पेवावर माती ओढली. कुणी बघत नसलं की शिळेच्या बाजूला बसायचो आणि मातीवर कान ठेवायचो. काय ऐकू येणार होतं कुणास ठाऊक. पण बसायचो.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी उघडलं. दहापंधरा माणसं जमली. आंबीलवाला सगळ्यांत पुढं. पोरानं माती ओढली, लिंपण फोडलं, दोघांनी शिळा सरकवली. आणि पेवानं श्वास सोडला. ऊबदार, आंबूस. सगळ्यांच्या नाकाला लागला. मग मागून एक जण हळूच म्हणाला, "गेली."

मला ते सहन झालं नाही. एक मूठ वर आली की सगळं कळणार होतं. मी पोराला म्हणालो, "दोर बांध. म्याच उतरतो. आदी आत उजेड सोड, तशी रीत हाय."

पोरानं घरातून बॅटरी आणली. हळदीला रात्री पाणी द्यायला जाताना नेतो ती, चार्जिंगची. दोरीला बांधून त्यानं ती खाली सोडली. पांढराफेक उजेड पडला. भिंतीवरची बोटं दिसली, लिंपताना उमटलेली, माझीच. तळाला काड दिसलं.

"दिसतंय बाबा. लाइट बराबर चालू हाय."

मी चपला काढल्या, दोर कमरेला घेतला, आणि तोंडाच्या काठावर बसून एक पाय आत सोडला.

तेवढ्यात माझी बायको हात पुसत गोठ्याकडून आली. "थांबा. दिवा सोडला का?"

"सोडली की लाइट."

"म्या दिवा इचारला."

"अगं, उजेडच पायजे न्हवं? ही बॅटरी धा दिव्यांची हाय."

"आत्याबाई उजेडासाठी सोडीत नव्हत्या," ती म्हणाली. "भर दुपारी सोडायच्या. आन्‌ खाली ज्वारीकडं बघत नव्हत्या. वातीकडं बघायच्या."

"म्हंजे काय?"

"ते मला काय म्हाईत. मला कुणी शिकवलं न्हाई, तुमाला शिकवलं. म्या शिळेजवळ कळशी घिऊन हुबी व्हते, मला एवढंच दिसलं. त्येंची नजर वातीवर व्हती."

लोक ऐकत होते. दहा जणांत बायकोचं ऐकून पाय वर घेणं माझ्या स्वभावात नाही. मी दुसरा पायही आत टाकायला लागलो. तशी ती खाली बसली आणि माझ्या धोतराचा सोगा तिनं मुठीत धरला.

"माझा मान नका ठिवू," ती म्हणाली, "आजवर कवा ठिवला? पर आत्याबाईंचा ठिवा."

आंबीलवाला हसला. बाकीचेही हसले. मी चिडून पाय वर घेतला आणि म्हणालो, "आण तुजा दिवा. एकदा हिच्या मनासारखं हू दे."

तिनं देवळीतली पणती आणली, तेल घातलं, वात लावली. शिंकं नव्हतं, तारेत अडकवली. मी स्वतःच्या हातानं दोरी सोडली. बॅटरी आत तशीच लोंबत होती. पणती तोंडाखाली हातभर गेली, दीड हात गेली. ज्योत बारीक झाली. मग आडवी झाली, जणू कुणी तिला हळूच निजवलं. आणि विझली. धूर वर आला नाही, तिथंच तरंगत राहिला. शेजारी बॅटरी लख्ख जळत होती.

मी वर ओढली, पेटवली, सोडली. त्याच जागी आडवी झाली. तिसऱ्यांदाही तिथंच. जशी काही तिथं पाण्याची पातळी आहे आणि दिवा तिच्यात बुडून राहिला आहे. पण पाणी दिसत नव्हतं. काहीच दिसत नव्हतं.

पोराचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, "बाबा, आत हवा न्हाई. ऑक्सिजन न्हाई. ज्वारीनंच खाऊन टाकलाय. बॅटरीला हवा लागत न्हाई, म्हनून ती जळून राहिली."

मी काठावर बसून राहिलो. कमरेचा दोर सोडून बाजूला ठेवला. उतरलो असतो तर एक ओंजळ भरायलाही वेळ मिळाला नसता. आणि मला काढायला पहिलं कोण उतरलं असतं ते माझ्या शेजारीच उभं होतं.

पण भीती थोडा वेळच टिकली. मग जे आलं ते अजून गेलेलं नाही. माझ्या आत्याला अक्षर येत नव्हतं. ऑक्सिजन हा शब्द तिच्या कानावर पडला नसेल. पण ती जमिनीच्या पोटातल्या न दिसणाऱ्या गोष्टीची पातळी दोरीनं मोजत होती, दीड पैशाच्या पणतीनं. तिला ते तिच्याआधीच्या कुणी शिकवलं असेल. त्याच्याआधी कुणीतरी एक जण उतरून वर आला नसेल, आणि काठावर बसलेल्या दुसऱ्यानं दिवा विझताना बघितला असेल. तो कोण होता, कुणाचा होता, माहीत नाही. त्याचं मरण इतकी वर्षं एका वाक्यात घालून ठेवलं होतं, की पेव आधी दिवा खातं. मी ते वाक्य ऐकून हसलो होतो. पन्नास वर्षं माझ्याजवळ होतं, आणि मी त्याच्यातला दिवा काढून बॅटरी घातली.

त्या दिवशी कुणी आंबीलीचं नाव काढलं नाही. आंबीलवाल्यानंच लिंबाच्या डहाळ्या तोडून आणल्या. त्या दोराला बांधून पेवात वरखाली हापसायच्या, म्हणजे आतलं ढवळून बाहेर येतं, हे त्याला त्याच्या आज्यानं सांगितलेलं आठवलं. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं म्हणून तो बोलला नव्हता, असं म्हणाला. दुपारभर आम्ही आळीपाळीनं हापसलं. मग शेळ्या पडू नयेत म्हणून तोंडाभोवती बाभळीच्या काट्या लावल्या.

दुसऱ्या दिवशी दिवा अर्ध्यापर्यंत गेला आणि विझला. तिसऱ्या दिवशी दुपारी तो खालपर्यंत गेला. काडाच्या हातभर वर आम्ही तो धरून ठेवला. ज्योत सरळ. मी किती वेळ बघत राहिलो ते सांगता येणार नाही. जमिनीच्या पोटात तेवढासा पिवळा ठिपका, हलत नव्हता.

"आता उतरायचं का बघत बसायचं?" बायको म्हणाली.

पोरगं म्हणालं, "म्या उतरतो बाबा." मी म्हणालो, "पेव माजं हाय." त्यानं दोर माझ्या कमरेला बांधला आणि गाठ दोनदा ओढून बघितली. पणती मी शेजारी लोंबती ठेवायला लावली. खाली उतरलो. वरचं काड काळं पडलं होतं. ओढ्याच्या अंगाची भिंत पाझरली होती, तिथली ज्वारी वीतभर कुजून पेंडीसारखी घट्ट झाली होती. तो आंबूस वास तिचा. मी खुरप्यानं ती पेंड फोडली. पेंडीच्या मागं हात घातला तर हात कोपरापर्यंत कोरड्या दाण्यात गेला. ऊबदार, सुट्टा दाणा.

एक दाणा डाव्या दाढेखाली धरला. गोल आभाळात चारपाच डोकी, मधलं माझ्या बायकोचं.

कट्‌.

"वाजली," मी खालून म्हणालो.

दीड पोतं कुजकं निघालं, ते उकिरड्यावर गेलं. बाकी ज्वारी उन्हात घातली. पेवाच्या ज्वारीच्या भाकरीला एक वास येतो, मातीचा आणि जुन्या काडाचा, धुतला तरी जात नाही. हॉटेलातल्या लोकांना मी घरी बोलावून भाकर घातली, वर ठेचा. आंबीलवाला चार भाकरी खाऊन म्हणाला, "काका, पुढच्या साली माजी आठ पोती बसतील का ह्यात?"

बसली. त्याची आठ, आणखी दोघांची सात, आमची पंधरा. या खेपेला पेव गळ्यापर्यंत भरलं. ओढ्याच्या अंगाची भिंत दोनदा भाजली. शिळा ठेवायच्या आधी मी तोंडाजवळ आतल्या बाजूला एक देवळी कोरली आणि तिच्यात पणती ठेवली, वाती ठेवल्या, तेलाची बाटली आणि नवं शिंकं दोरीसकट. आम्ही असू नसू. जो उघडील त्याचा हात ज्वारीच्या आधी दिव्याला लागला पाहिजे.

मी शिळा ओढायला सांगणार तेवढ्यात बायको म्हणाली, "आन्‌ पेटवायचा कशानं? चकमकीनं?"

ती घरात गेली आणि काड्यापेटी घेऊन आली, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली. ती तिनं स्वतः वाकून देवळीत ठेवली. मग शिळा लावली.